देवनारच्या प्रश्नावलीतले फाटे

भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी किती बाळे पहिला वाढदिवस पाहू शकत नाहीत, हा आकडा देशाला ज्या मोजक्या ठिकाणांहून मिळतो, त्यांतले एक देवनारमध्ये आहे. गोवंडी स्टेशन रोडवरची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम सांभाळते. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत हा आकडा ७९ च्या घरात होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो ३५ वर आला.

ज्या प्रश्नांच्या उत्तरांतून हा आकडा निघतो, ते सगळे प्रश्न सगळ्यांना विचारायचे नसतात. उत्तर ‘हो’ आले तर पुढचा प्रश्न, ‘नाही’ आले तर मधले तीन-चार प्रश्न सोडून थेट अमुक क्रमांक, अशी ती रचना असते. सर्वेक्षणाच्या धंद्यात याला ‘स्किप’ म्हणतात. संगणकाचा प्रोग्रामही असाच चालतो: अट तपासायची, आणि निकालाप्रमाणे पुढे जायचे किंवा उडी मारायची. प्रोग्राम किती गुंतागुंतीचा झाला आहे हे मोजण्याचा आणि तो दुसऱ्या माणसाला वाचता येईल इतका सोपा करण्याचा खटाटोप संगणकाच्या जगात गेली पाच-सहा दशके चालू आहे. प्रश्नावल्या रचणारी मंडळीही त्याच अडचणीशी झुंजत होती, फक्त कागदावर. या दोन वाटा एकमेकींना कशा भेटल्या, त्याचा हा इतिहास आहे.

मुंबईकरांना देवनार माहीत असते ते १९२७ पासूनच्या डम्पिंग ग्राउंडमुळे आणि महापालिकेच्या कत्तलखान्यामुळे. माणसांच्या जगण्याची मोजदाद करणाऱ्या संस्थाही याच भागात वाढल्या, हे कमी जणांच्या ध्यानात असते. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र मुंबईत काढले. आजची आयआयपीएस ती हीच. १९८५ मध्ये तिला सध्याचे नाव आणि अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पलीकडे ट्रॉम्बेच्या डोंगराकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने त्याचे उत्पादन केले.

त्या काळातल्या संगणकाची भाषा आणि त्या काळातली प्रश्नावली यांची घडण सारखी होती. यंत्राला परिच्छेद, विभाग, प्रकरण असले काही कळत नसे. सूचना क्रमाने मांडलेल्या असत, आणि एका सूचनेवरून दुसरीवर उडी मारण्याची सोय असे. त्या वेळच्या फोरट्रानमध्येही ओळींना क्रमांक देऊन ‘गो टू’ अमुक क्रमांक असेच लिहावे लागे. छापील प्रश्नावलीतही प्रश्नांना क्रमांक असत आणि उजवीकडच्या अरुंद रकान्यात बाण काढून पुढचा क्रमांक दिलेला असे. प्रोग्राम वाचायचे काम यंत्र करी. प्रश्नावली वाचायचे काम कुणाच्या तरी दारात उभी असलेली, हातात पेन आणि मांडीएवढा गठ्ठा घेतलेली तरुणी करी, आणि चुकीची उडी मारली तर तिला अडवायला यंत्र नसे.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी केलेली पुणे जिल्ह्यातल्या जनन-मृत्यूची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. आई सांगेल त्या आठवणींतून जन्म आणि मृत्यू मोजायचे, ही त्या काळापासूनची पद्धत. त्यातली सगळ्यांत अवघड गोष्टही तेव्हापासूनची: जे मूल गेले, त्याचा उल्लेख आई आपण होऊन करतेच असे नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण मालिकेच्या धर्तीवर चालते, त्या मालिकेतल्या प्रश्नावलीचा हा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. पहिला प्रश्न: तुम्हाला कधी मूल झाले आहे का? हो म्हटले तर विचारायचे, तुमच्याजवळ राहणारी मुले-मुली आहेत का, असल्यास किती? मग, हयात आहेत पण दुसरीकडे राहतात अशी आहेत का, असल्यास किती? त्यानंतर, जन्माला येऊन पुढे दगावलेले एखादे मूल होते का, असल्यास किती? शेवटी सगळ्यांची बेरीज करून बाईला वाचून दाखवायची: म्हणजे एकूण इतकी मुले झाली, बरोबर ना? बरोबर नसेल तर मागे जाऊन सगळे पुन्हा तपासायचे. बेरीज शून्य असेल तर हा विभाग सोडून पुढे जायचे.

आता पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर उडी कुठे? मूलच झालेले नाही, तर हा सगळा भाग ओलांडून जावे, असे कुणालाही वाटेल. बाण तिथे जात नाही. तो दगावलेल्या मुलाच्या प्रश्नावर नेतो, आणि तिथेही सूचना असते की उत्तर ‘नाही’ आले तर आणखी खोदून विचारा: जन्मल्यावर रडले, किंवा जिवंतपणाची काही खूण दाखवली, पण वाचले नाही, असे एखादे बाळ? तान्हेपणीच गेलेले एकुलते एक मूल ‘मला मूल झाले नाही’ या उत्तराआड लपलेले असू शकते, हे ओळखून तो बाण काढलेला आहे. तो एक बाण चुकीच्या जागी पडला, तर देशाचा बालमृत्यूदर कागदावर खोटाच उतरेल.

या भागात बेरजेपर्यंत पोचायच्या वाटा मोजता येतात. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटले तर एक वाट. ‘हो’ म्हटले तर पुढच्या दोन प्रश्नांच्या हो-नाहीतून चार. या पाच वाटा दगावलेल्या मुलाच्या प्रश्नापाशी एकत्र येतात आणि तिथे प्रत्येकीला पुन्हा दोन फाटे फुटतात. एकूण दहा वाटा. त्यांतली एक विसंगत आहे: मूल झाले म्हणायचे, पण जवळ नाही, दूर नाही, दगावलेले नाही. दुसरी एक तितकीच बोलकी आहे: मूल झाले नाही म्हणायचे, आणि मग दगावलेल्या बाळाची आठवण निघायची. शेवटच्या पडताळणीचा प्रश्न या दोन्ही वाटांवर नजर ठेवतो.

वाटा मोजण्याची ही रीत संगणकाच्या जगात रुजवली ती टॉमस मॅककेब यांनी. त्यांच्याआधी एडस्खर डाइक्स्ट्रा यांचे पत्र आले होते. मार्च १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका संगणकविषयक मासिकात छापलेल्या त्या छोट्या पत्रात डाइक्स्ट्रांनी ‘गो टू’ ही सूचना भाषांतून काढूनच टाकावी असे म्हटले. त्यांचा मुद्दा माणसाच्या आकलनाचा होता. कागदावरचा मजकूर स्थिर असतो, यंत्रात चाललेली क्रिया वाहती असते, आणि स्थिर गोष्टी समजून घेणे माणसाला जमते तितके वाहत्या गोष्टींचा मनात पाठपुरावा करणे जमत नाही. म्हणून मजकुराची रचना क्रियेच्या क्रमाशी जितकी जुळती ठेवता येईल तितकी ठेवावी. बेताल उड्यांनी नेमके तेच बिघडते. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या परिषदेत मोठे प्रोग्राम वेळेत आणि निर्दोष का होत नाहीत, यावर जाणकारांनी काळजीने चर्चा केली.

मॅककेब यांचा निबंध डिसेंबर १९७६ चा. त्यांनी प्रोग्रामचा आराखडा काढला: प्रत्येक टप्पा हा एक बिंदू, आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याची शक्यता ही एक रेषा. रेषांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून २ मिळवले की त्या प्रोग्रामचा गुंतागुंतीचा अंक मिळतो. व्यवहारात त्याहून सोपे गणित चालते: हो-नाहीचे जितके फाटे, त्यांत एक मिळवा. ओळी किती आहेत याला या हिशेबात किंमत नाही. एकही फाटा नसलेला हजार ओळींचा प्रोग्राम १ वर राहतो. हो-नाहीचे १० फाटे एकापुढे एक असलेला चाळीस-पन्नास ओळींचा तुकडा ११ वर जातो, आणि त्यातून जाण्याच्या वाटा १,०२४ होतात.

१० ही मर्यादा मॅककेब यांनी सुचवली. ती वाजवी आहे, पण त्या आकड्यात जादू नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. त्याच निबंधात त्यांनी एक सवलतही दिली: एकाच प्रश्नाची बरीच स्वतंत्र उत्तरे असतील आणि प्रत्येक उत्तराला आपला वेगळा छोटा मार्ग असेल, तर अंक १० च्या वर गेला तरी चालेल. हे देवनारच्या माणसाला चटकन पटेल. ‘पाणी कुठून भरता?’ या प्रश्नापुढे नळ, हातपंप, विहीर, टँकर अशी पंधरा-वीस उत्तरे छापलेली असली, तरी मुलाखत घेणारी गोंधळत नाही. ती गोंधळते फाट्यात फाटा निघाला की.

मुलांच्या बेरजेच्या त्या भागाला मॅककेबचा हिशेब लावला तर काय निघते? मूल झाले का, जवळ आहेत का, दूर आहेत का, दगावले का, बेरीज बरोबर का, बेरीज शून्य का, असे सहा फाटे. अंक सात. संगणक विभागातल्या कुठल्याही परीक्षकाने हसत पास करावा असा हा तुकडा आहे. उड्या आहेत, पण मागे जाणारी एकच, चूक सुधारण्यासाठीची. बाकी सगळ्या पुढेच जातात आणि ठरलेल्या जागी येऊन मिळतात. डाइक्स्ट्रांना हवी होती ती शिस्त प्रश्नावली रचणाऱ्यांनी दारादारांतल्या अनुभवातून कमावली होती.

सगळेच भाग असे सरळ उतरत नाहीत. गर्भनिरोधनाचा विभाग घ्या. बाई विवाहित आहे का, सध्या गरोदर आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, साधन वापरते का, पूर्वी वापरून सोडले का, यांतल्या प्रत्येकाचे उत्तर पुढचे प्रश्न ठरवते. त्यासाठी कागदी प्रश्नावलीत मुलाखत घेणारीने स्वतःशीच करायच्या पडताळण्या घातलेल्या असतात: मागचा अमुक प्रश्न पाहा, तिथे गरोदर अशी नोंद असेल तर इकडे, नसेल तर तिकडे. समोर बसलेली बाई वाट पाहत असते आणि ही पाने मागे उलटत असते.

पुढे मॅककेबच्या अंकावर टीका झाली ती याच ठिकाणी. एकापुढे एक ठेवलेले चार फाटे आणि एकाच्या पोटात एक असे चार फाटे, दोन्हींचा अंक पाचच येतो. वाचणाऱ्याला मात्र दुसरा प्रकार फार जड जातो, कारण आतल्या फाट्यापाशी पोचेपर्यंत बाहेरच्या तिन्ही अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. गेल्या दशकात सोनारसोर्स या कंपनीने मांडलेले ‘कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ हे माप म्हणून प्रत्येक पोटफाट्याला जास्त गुण लावते. अट जितकी खोल, तितका दंड मोठा. प्रोग्राम यंत्राला तपासायला किती अवघड, याहून तो माणसाला वाचायला किती अवघड, याकडे या मापाचा रोख आहे.

पोटफाटे कमी करण्याचा एक उपाय मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकाने प्रोग्रामरांच्या हाती दिला: ज्या परिस्थितीत पुढचे काही करायचेच नाही, ती परिस्थिती सुरुवातीलाच तपासून बाहेर पडा. मग उरलेला मजकूर सपाट राहतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला घरगुती हिंसाचाराचा विभाग नेमका असा बांधलेला आहे. एका घरातल्या एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारायचे, असा नियम आहे. म्हणून सुरुवातीलाच पाहायचे: या विभागासाठी हिची निवड झाली आहे का? नसल्यास विभाग संपला. मग दुसरी अट: आत्ता आजूबाजूला कुणी नाही ना? एकांत मिळत नसेल तर तिथेच थांबायचे. या दोन दारांतून आत आल्यावरच पहिला प्रश्न. ‘सासू खोलीत असेल तर’ ही अट पुढच्या प्रत्येक प्रश्नाला वेगवेगळी जोडली असती, तर ती कुठे ना कुठे निसटली असती, आणि त्याची किंमत त्या बाईने मोजली असती.

प्रश्नावली हाही एक प्रोग्राम आहे, हे उघडपणे मांडले गेले १९८० च्या दशकात. १९८५ मध्ये टॉमस जेबाइन यांनी प्रश्नावल्या समजून घेण्यासाठी प्रवाह-आकृत्या काढाव्यात असे सुचवले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या जनगणना कार्यालयातल्या जेम्स फॅगन आणि ब्रायन ग्रीनबर्ग यांनी स्किपच्या जाळ्याला आलेखशास्त्र लावले. मॅककेबने प्रोग्रामला लावले होते तेच गणित. नेदरलँड्सच्या सांख्यिकी कार्यालयाने १९८६ मध्ये मुलाखतींसाठी ‘ब्लेझ’ ही संगणकीय भाषा आणली. ती पास्कल भाषेच्या वळणाची होती, आणि प्रश्नांचा मार्ग तिच्यात उडीने न सांगता अटींच्या चौकटीत मांडावा लागे. भारतासारख्या देशांत पुढे पसरलेल्या ‘सीएसप्रो’ या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही सोयी आहेत. अमुक प्रश्नावर उडी मारा असे लिहिता येते, किंवा हा प्रश्न कुणाला लागू आहे हे त्या प्रश्नापाशीच नोंदवता येते. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला कोड वाचताना कुठूनही सुरुवात केली तरी चालते. पहिल्या पद्धतीच्या कोडमध्ये एखाद्या प्रश्नापर्यंत कोण पोचते हे शोधायला सगळा मजकूर मागून चाळावा लागतो.

एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सर्वेक्षणांच्या संगणकीकरणावर कार्यशाळा घेतली. तिथे सर्वेक्षणवाले आणि सॉफ्टवेअरवाले एकत्र बसले, आणि वक्त्यांमध्ये खुद्द टॉमस मॅककेब होते. त्या चर्चेत एक अडचण पुन्हा पुन्हा पुढे आली. कागदी प्रश्नावली स्वतःच स्वतःचा दस्तऐवज होती. ती कुणालाही उघडून वाचता येत होती. ती संगणकात गेली, आणि ती नेमके काय विचारते, कुणाला विचारते, हे सांगणारा वाचनीय मजकूरच उरला नाही. युरोपात त्यावर उपाय म्हणून ‘टॅडेक’ नावाचा प्रकल्प झाला. संगणकीय प्रश्नावलीतून तिचा नकाशा आणि तिच्या वाटांची मोजणी आपोआप काढून देणारे ते साधन होते.

देवनारला हा बदल चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, आला. तोवरच्या तिन्ही फेऱ्या कागदावर झाल्या होत्या. चौथ्या फेरीत मुलाखत घेणाऱ्यांच्या हाती छोटे नोटबुक संगणक आले. कामाचा पसाराही एकदम वाढला होता. पहिल्या फेरीत सुमारे ९० हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या होत्या. चौथ्या फेरीत जवळपास ७ लाख झाल्या, पाचव्या फेरीत ७ लाख २४ हजारांहून अधिक. पहिल्यांदाच आकडे जिल्हावार मिळू लागले. आणि प्रश्नावलीला आणखी एक मोठा फाटा फुटला: काही विभाग सगळ्या घरांत विचारायचे, तर हिंसाचार आणि एचआयव्हीसारखे विभाग निवडक घरांतच.

स्किपचा भार आता यंत्राने उचलला. लागू नसलेला प्रश्न पडद्यावर येतच नाही. पाने मागे उलटणे संपले, बेरीज यंत्र करते, विसंगती तिथल्या तिथे दाखवते. कागदाच्या काळात दर पथकात एक संपादक असे. गाव सोडण्यापूर्वी ती भरलेली प्रत्येक प्रश्नावली तपासत असे आणि चुकलेली उडी दिसली तर मुलाखत घेणारीला परत त्या घरी पाठवत असे. त्या तपासणीचा बराचसा भाग आता कोडमध्ये गेला आहे. दारातल्या चुका यामुळे कमी झाल्या, हा मोठा फायदा आहे. पण गुंतागुंत संपलेली नाही, तिची जागा बदलली आहे. पूर्वी एका मुलाखतीत एक उडी चुकली तर एका बाईची नोंद बिघडे. आता कोडमध्ये एक अट चुकली तर ती चूक लाखो मुलाखतींत तशीच्या तशी उमटते. कागदावरचा बाण पथकातल्या कुणालाही दिसत असे. कोडमधली अट फक्त कोड वाचणाऱ्याला दिसते.

म्हणूनच प्रोग्रामरांनी अर्धशतकात कमावलेली मापे प्रश्नावली रचणाऱ्यांच्या टेबलावर असायला हवीत. नव्या फेरीची तयारी सुरू झाली की मंत्रालये, विद्यापीठे आणि संस्था आपापले प्रश्न घेऊन येतात, आणि प्रत्येकाला आपला प्रश्न छोटासाच वाटतो. त्या प्रश्नाने मुलाखत किती मिनिटांनी लांबेल, एवढाच हिशेब पुरेसा नाही. तो कोणत्या अटीच्या पोटात बसणार, त्याने किती नव्या वाटा तयार होणार, आणि त्यांतली प्रत्येक वाट प्रशिक्षणात कुणी चालून पाहणार का, हेही विचारावे लागेल. एखाद्या विभागाचा अंक १० च्या फार पुढे गेला तर तो विभाग तोडून दोन करावेत, लागू असण्याच्या अटी सुरुवातीला आणाव्यात, आणि पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एकाच तक्त्यात एकदाच लिहावेत. मुलांच्या जन्मांची नोंद आजही अशीच होते: प्रत्येक मुलाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला तेच रकाने.

या सर्वेक्षणाच्या अहवालांमागे प्रश्नावल्या जोडलेल्या असतात आणि त्या कुणालाही पाहता येतात. बालमृत्यू, लसीकरण किंवा हिंसाचार यांवरचा एखादा आकडा लेखात वा भाषणात वापरण्यापूर्वी अभ्यासकांनी, पत्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी त्या आकड्यामागचा प्रश्न शोधावा, आणि त्या प्रश्नापर्यंत कोणत्या बाया पोचल्या, कोणत्या आधीच्या फाट्यावर वळल्या, हे बोटाने बाण धरून तपासावे. तेवढा अर्धा तास दिला नाही, तर आकडा कुणाबद्दल बोलतो आहे हेच कळणार नाही.